करडेबाईंची वसुली

करडेबाई कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की आधी लग्नाची पत्रिका पुढे करायच्या. पत्रिका खरी होती, पण त्यांच्या भाचीच्या लग्नाची, केव्हाच होऊन गेलेल्या. कोपऱ्यांवरचं हळदकुंकू फिकट झालेलं, घडीवर कागद विरलेला. ती पर्समधून काढून, आजूबाजूच्या चार घरांत सहज ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणायच्या, "सापडलीस बाई एकदाची! किती शोधायचं? लग्नाला यायचं हं, कारणं नकोत!"

माझ्या दारात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी असंच चकित होऊन त्यांना आत घेतलं. नारायण पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत मी आणि माझी मैत्रीण भाड्याने राहत होतो. मैत्रीण कामावर गेली होती. समोर पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, रुंद बांध्याच्या बाई. नऊवारी शोभावी असा चेहरा, पण अंगात साधा पंजाबी ड्रेस आणि पायांत बुटासारख्या जाड चपला. दार लोटलं गेलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मी बँकेच्या वसुलीकडून आलेय. तू प्रणाली भोयर ना? शैक्षणिक कर्जाचे तीन हप्ते थकलेत. घाबरू नकोस. आधी पाणी दे."

मी पाणी दिलं. देताना थोडं त्यांच्या ओढणीवर सांडलं. त्यांनी ते झटकलं आणि म्हणाल्या, "थकलाय तो हप्ता. तू कशाला थकतेस?"

हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. पण त्या दिवशी ते ऐकून मला हुंदकाच फुटला, कारण गेले कित्येक आठवडे माझ्याशी त्या कर्जाबद्दल कुणी माणसासारखं बोललंच नव्हतं.

मी वर्ध्याची. वडील एसटीच्या डेपोत कारकून. आमचं स्वतःचं घर नव्हतं; गावाबाहेर एक रिकामा प्लॉट होता आणि निवृत्त झाल्यावर भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून तिथे दोन खोल्या बांधायच्या, हे बाबांचं ठरलेलं होतं. मला इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा त्या पैशांना हात लागू नये म्हणून आम्ही कर्ज काढलं. कर्ज माझ्या नावावर, सहकर्जदार म्हणून बाबांची सही. त्या काळी आमच्या गावात कुणी कर्ज काढून शिकत नव्हतं. पण पुण्यात हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि शेजारपाजारची पोरं तिथे नोकरीला लागून आईबापांना फ्रीज पाठवत होती. शेवटच्या वर्षाला मलाही कॉलेजमध्येच एका कंपनीचं नेमणूकपत्र मिळालं. बाबांनी डेपोत पेढे वाटले.

मग मंदी आली. कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, पुन्हा ढकलली आणि नंतर माझ्या ईमेलना उत्तर देणंच सोडलं. बँकेची सवलतीची मुदत मात्र संपली. मी एका क्लासमध्ये शाळकरी मुलांना कॉम्प्युटर शिकवून खोलीचं भाडं कसंबसं काढत होते. बाबा पगारातून पाठवतो म्हणाले. मीच नको म्हटलं. नोकरी आज नाही तर उद्या लागेलच, असं दोघंही एकमेकांना फोनवर सांगत होतो. हप्ते थकले आणि बँकेने माझं खातं एका वसुली एजन्सीकडे दिलं. तिथला एक मुलगा दिवसातून कितीतरी वेळा फोन करायचा. "मॅडम, पेमेंट कब कर रही हो? पढ़ाई की तब शरम नहीं आई?" मी फोन उचलणं बंद केलं. पुढे पुढे तर रिंग वाजली की मी फोन उशीखाली ढकलायचे.

करडेबाई त्याच एजन्सीच्या होत्या. हे कळल्यावर मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही खोटी पत्रिका का आणता?"

"मालकीणबाई राहतात ना वर? वसुलीवाली आली म्हटलं तर उद्या तुला खोली सोडायला सांगतील. खोली सुटली की तू गावी जाणार. मग मी कुणाकडून वसूल करू? डोंबल?"

मालकीणबाई खरोखरच चौकस होत्या. करडेबाई दुसऱ्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांनी कठड्यावरून विचारलं, "अहो, लग्न झालं नाही का अजून?"

"ते मोडलं. दुसरं ठरलंय," करडेबाई खालूनच ओरडल्या.

तिसऱ्या महिन्यात मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. फक्त चुकचुकल्या.

आवाज हे करडेबाईंचं भांडवल होतं. त्या कसबा पेठेतल्या, तांबट आळीत वाढलेल्या आणि तिथेच दिलेल्या. सकाळपासून घराघरांत तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडत असायचे. "आमच्याकडे हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही," त्या सांगायच्या. "लहानपणी मी शाळेत उत्तर दिलं की मास्तर दचकायचे." याच बँकेत त्या रोखपाल होत्या. कॉम्प्युटर आले, स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि त्यांनी ती घेतली. मिळालेली रक्कम यजमानांच्या भांड्यांच्या दुकानात आणि मुलाच्या शिक्षणात गेली. पण घरोघरी स्टील आलेलं. तांब्याचे हंडे-घंगाळी घेणार कोण? तेव्हा बाईंनी वसुलीची नोकरी धरली. पगार बेताचा. एखादं खातं पूर्ण फिटून बंद झालं की कमिशन चांगलं मिळायचं. चालू हप्त्यांवर जवळपास काहीच नाही.

त्यांच्या कामाची पद्धत मात्र एजन्सीतल्या कुणाशीच जुळत नव्हती. कोथरूडच्या एका मुलाची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. तो दारच उघडत नव्हता. बाई जिन्यात बसल्या, पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडायला लागल्या. अर्ध्या तासाने तो आतून म्हणाला, "काकू, किती वेळ बसणार तुम्ही?" बाई म्हणाल्या, "जुडी मोठी आहे." थोड्या वेळाने दार उघडलं. मुलगा दाढी वाढलेला, शर्ट मळलेला. बाईंनी त्याला हप्त्याचं काही विचारलं नाही. देठं टाकायला कचऱ्याचा डबा कुठे आहे एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात तो आपणहून बँकेत गेला.

माझ्याकडेही त्यांनी आल्या आल्या खोलीभर नजर फिरवली होती. कोपऱ्यात नूडल्सची रिकामी पाकिटं पडलेली.

"हे काय?"

"परवडत नाही काकू."

"डबा लाव. पेठेत खानावळी कमी आहेत का? उपाशी माणसाकडून वसुली होत नाही, हा माझा अनुभव आहे."

मग त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, फोन उचलायचा. "तू उचलत नाहीस म्हणून तो पोरगा तुझ्या बापाला फोन लावणार. त्याला सांग, आज पैसे नाहीत. संपलं. त्यात लाजायचं काय? नाहीत तर नाहीत." आणि दुसरं, खोटी तारीख द्यायची नाही. "पुढच्या सोमवारी देते, असं म्हणू नकोस. नुसत्या तारखा द्यायला तू काय कोर्ट आहेस?" दर महिन्याला जमेल तेवढी रक्कम, मग ती कितीही छोटी असो, मी स्वतः शाखेत जाऊन भरायची असं ठरलं. पहिल्या खेपेला खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे आणि नोटांकडे आळीपाळीने पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बाई उभ्या होत्या. "भरलेस?" "हो." "मग तोंड का पाडलंयस? चल, उसाचा रस पिऊ. पैसे मी देणार नाही, आपापले."

दोन-तीन महिने असे गेले. मला जरा झोप लागायला लागली होती आणि तेवढ्यात तेच झालं, जे बाईंनी सांगितलं होतं. एजन्सीतल्या त्या मुलाने वर्ध्याच्या डेपोत फोन केला. डेपोत एकच फोन, साहेबांच्या टेबलावर. बाबांना सगळ्यांसमोर बोलावलं गेलं आणि पलीकडून जे ऐकू आलं ते साहेबांनाही ऐकू गेलं. बाबा माणूस अतिशय मवाळ. ते फक्त "हो जी, हो जी" म्हणत राहिले. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला.

"प्रणाली, मी पीएफचा अर्ज भरून टाकला. पंधरा-वीस दिवसांत पैसे येते. एकदम भरून टाकू. झंझटच नाही."

"बाबा, पण घर..."

"घराचं काय एवढं? किती वर्षं भाड्यानं राहिलोच ना आपण."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग अजिबात नव्हता. मी रात्रभर मैत्रिणीजवळ रडले. सकाळी ठरवलं, पुणं सोडायचं. वर्ध्याला जाऊन मिळेल ती नोकरी करायची आणि बाबांचे पैसे फेडायचे.

त्याच आठवड्यात करडेबाई आल्या. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. खातं बंद होणार, त्यांना कमिशन मिळणार. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पर्स बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बापाचा नंबर लाव."

मी लावला. फोनमधला बाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"भोयर साहेब, नमस्कार. मी करडे बोलतेय, पुण्याहून. वसुलीवाली."

बाबा घाईघाईने म्हणाले, "हो बाई, पैसे पाठवतोच जी. अर्ज केला आहे. जराक थांबा."

"पाठवू नका."

मग बाबा म्हणाले, "मंग फोन काऊन केला तुम्ही?"

"पाठवू नका, हे सांगायलाच केला. अहो, ऐका. तुमची मुलगी तब्येतीने धडधाकट आहे, पदवी हातात आहे. नोकऱ्या आज नाहीत, वर्षभराने असतील. तिला वेळ आहे. तुम्हाला कुठे आहे? दोन वर्षांत रिटायर होणार. तो पैसा बँकेत भरलात की संपला. मग राहणार कुठे?"

"पण बाई, डेपोत फोन येते. माणूस चार लोकांत..."

"तो फोन पुन्हा येणार नाही. ते माझ्याकडे लागलं. आणि दुसरं सांगते. कर्ज हिने घेतलंय, हिलाच फेडू द्या. तुम्ही फेडलंत तर ही जन्मभर तुमच्यासमोर मान खाली घालून जेवेल. बघवेल तुम्हाला?"

बाबांनी फक्त विचारलं, "बाई, तुम्ही बँकेच्याच ना?"

"हो. बँकेचीच," बाई म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ज मागे घेतला. बाई मला घेऊन शाखेत गेल्या. व्यवस्थापक एकेकाळी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले, पण आता ओळख दाखवायची की नाही अशा चेहऱ्याचे. त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बाईंनी मला सांगितलं, "आत मी एक शब्द बोलणार नाही. कर्ज तुझं, तोंडही तुझंच."

आणि खरोखरच त्या गप्प बसल्या. ज्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा त्या बाई टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिल्या. मी अडखळत सुरुवात केली. नेमणूकपत्र दाखवलं, कंपनीला पाठवलेल्या ईमेलच्या प्रती दाखवल्या, दर महिन्याला भरलेल्या छोट्या छोट्या रकमांच्या पावत्या ठेवल्या. म्हटलं, "सर, मला माफी नको. हप्ता लहान करा आणि मुदत वाढवा. मी शेवटपर्यंत भरेन." बोलता बोलता माझा आवाज सरळ झाला. आपण हे नीट बोलू शकतो, हे तोवर मला माहीतच नव्हतं.

व्यवस्थापकांनी बाईंकडे पाहिलं. "करडेबाई, तुम्ही एजन्सीच्या की यांच्या?"

आता बाई बोलल्या. "मी वसुलीची. ती पुण्यात राहिली तर तुमची वसुली होईल. गावी गेली तर माझीही नाही आणि तुमचीही नाही. बघा बुवा, तुम्ही साहेब."

लगेच काही झालं नाही. आम्हाला आणखी दोन वेळा बोलावलं, अर्ज वरच्या कार्यालयात गेला. शेवटी हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला आणि मुदत वाढली. त्या दिवशी मी बाहेर येऊन बाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. "रस्त्यात काय हे? रिक्षा अंगावर येईल."

त्यानंतरच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. मी एजन्सीत फोन केला, तर तोच हिंदी बोलणारा मुलगा होता. "करडे मॅडम? वो तो अब नहीं हैं. टार्गेट नहीं हुआ." रविवारी विचारत विचारत कसबा पेठेत त्यांच्या आळीत पोचले. एका दुकानात करडेकाका कळशीवर ठोके घालत होते आणि बाई शेजारी पाय पसरून बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या.

"काकू, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"तुझ्यामुळे? तू एवढी मोठी कधीपासून झालीस?" त्यांनी मला बसायला पाट दिला. "तशा दहा-बारा जणांमुळे गेली. बरं झालं. गुडघे दुखायला लागले होते जिने चढून."

काकांनी हातोडा थांबवला. फार कमी बोलणारा माणूस. म्हणाले, "आता मला दिवसभर घरात वसुली आहे." आणि पुन्हा ठोके सुरू केले. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की समोरच्या दुकानातला माणूसही उगाच हसला.

त्या खरंच सुखात होत्या. मी पुढे अनेकदा गेले आणि प्रत्येक वेळी त्या मला तशाच दिसल्या. गंमत अशी की ज्या आयटीमुळे माझं अडलं होतं त्याच आयटीने काकांचं दुकान हळूहळू चालतं केलं. नव्या सोसायट्यांतली तरुण जोडपी गाडी दूर लावून, विचारत विचारत आळीत यायची आणि तांब्याचे घडे, दिवाणखान्यात ठेवायला घंगाळी घ्यायची. गल्ल्यावर बाई. "पाणी प्यायला घेताय की शोभेला?" त्या विचारायच्या. "शोभेला," कुणी म्हणालं की, "मग चिंच-मिठाने घासायला माणूसही ठेवा. शोभा आपोआप राहत नाही." गिऱ्हाईक आधी गोंधळायचं, मग हसून दोन वस्तू घेऊन जायचं.

वर्षभराने मला हिंजवडीतच दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्या पगारातून पूर्ण हप्ता भरला, तो सांगायला गेले तर बाईंनी विचारलं, "डबा चालू आहे ना?" पुढे दर महिन्याला हप्ता जात राहिला. त्यात कसलाही थरार उरला नव्हता, आणि ते फार छान वाटायचं. वाढवलेल्या मुदतीच्या बरंच आधी कर्ज फिटलं. बँकेने कर्ज नसल्याचा दाखला दिला. तो मी बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला, माझ्या नावातली वेलांटी चुकली आहे असं सांगितलं, आणि मग आत जाऊन डोळे पुसून आल्या. मला ते दिसलं.

गेल्या वर्षी त्या गेल्या. लोणी काळभोरला मुलाने घर घेतलं होतं, तिथे. मी तेव्हा कामासाठी परदेशात होते, मला दोन दिवसांनी कळलं. काकांना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "त्रास नाही झाला तिला." फोनच्या मागे कुठलाच आवाज येत नव्हता. ते मला फार जाणवलं.

पण त्यांची आठवण आली की मला दुकान आठवत नाही, की बँकही आठवत नाही. मला वर्ध्याची एक दुपार आठवते. बाबा निवृत्त झाले, पीएफ आला, आणि प्लॉटवर दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीला बाबांनी स्वतः फोन करून करडेबाईंना बोलावलं. एवढ्या लांब त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या काकांना घेऊन आल्या, रात्रभराचा प्रवास करून. येताना काकांनी घडवलेली कळशी आणली होती. आई आणि त्या पहिल्यांदाच भेटत होत्या. आईला काय बोलावं सुचेना, तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना घरभर फिरवलं. घरभर म्हणजे दोन खोल्या, मोरी आणि मागचं अंगण. बाईंनी प्रत्येक खिडकी उघडून बंद करून पाहिली. "मजबूत आहे," म्हणाल्या.

बाबा दिवसभर त्यांच्यासमोर नुसते हात जोडून उभे. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "अहो भोयर, मी काय देवीबिवी आहे का? बसा खाली. मला भूक लागलीय."

जेवणं झाली. पुरणपोळीवर तुपाची धार, वऱ्हाडी झणझणीत आमटी. बाई घाम पुसत दोनदा वाढून घेत जेवल्या. मग "पाच मिनिटं पाठ टेकते" म्हणून आतल्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या. नवीन पंखा भिरभिरत होता, भिंतींना चुन्याचा ओला वास होता. पाच मिनिटांत बाई गाढ झोपल्या.

ऊन उतरलं तरी त्या उठल्या नाहीत. डेपोतली माणसं, शेजारी, नातेवाईक घर बघायला येत होते. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ज्या माणसाला मी जन्मात कधी कुणाला काही बजावताना ऐकलं नव्हतं, तो आल्या-गेल्या प्रत्येकाला, खुद्द डेपोच्या साहेबांनासुद्धा, हात वर करून थांबवत होता.

"हळू बोला जी," बाबा म्हणत होते, "बाई झोपून आहे आत."